चांद्या धरून बावीस

मामा, काल तुझी तेरवी झाली आणि आज सकाळी मी हलका होऊन उठलो. हे असं लिहिताना लाज वाटायला हवी. तू गेलास त्याला पुरते पंधरा दिवसही झाले नाहीत, घरात अजून सुतकाचा वास आहे, आणि तुझा भाचा म्हणतो की त्याला बरं वाटतंय. पण तुझ्याशी एकदा खोटं बोलून मी तीन वर्षं ते ओझं वाहिलं. आता पुन्हा नको. मला बरं वाटतंय, मामा. का ते सांगतो.

मी सात वर्षांचा असताना आई मला आणि धाकट्या मंदाला घेऊन तुझ्या दारात आली. वडील गेले होते. बैलगाडीतून उतरलो तेव्हा मी रडत होतो की झोपेत होतो, आठवत नाही. एवढंच आठवतं की एक आडदांड माणूस घरातून तांब्या घेऊन बाहेर आला, त्याने माझ्या धुळीच्या पायांवर पाणी घातलं, कमरेत सरळ वाकला आणि माझ्या पायांना हात लावून कपाळाला लावला. मी घाबरून आईच्या मागे लपलो. तू हसलास. "भेतं काऊन बे? म्या तुह्या मामा हाय. मामानं भाच्याच्या पाया पडा लागते."

आपल्याकडची ही रीत पुण्याकडच्या माणसाला सांगितली की त्याला नवल वाटतं. तिकडे भाचा मामाला नमस्कार करतो. इकडे बहीण परक्या घरी दिलेली, म्हणून तिचं लेकरू देवासारखं. मामाने वाकायचं, भाच्याने मामाच्या पायाला हातही लावायचा नाही. लावला तर पाप मामाला. तू मला वाढवलंस, शाळेत घातलंस, आजारपणात खांद्यावर टाकून लोणारपर्यंत चालत नेलंस, आणि वर माझ्याच पाया पडत राहिलास. मला तुला एक नमस्कार करण्याचीही सोय नव्हती. यावरून आपलं किती वेळा भांडण झालं!

"मामा, हे उलटं आहे. उपकार तुझे आहेत."

"उपकाराचा इथं काय संबंध? तुह्या मायसमोर वाकून राह्यलो म्या. तू नुसता मधात उभा हायेस."



पुढे मी जानेफळच्या शाळेत ड्रिल मास्तर झालो. शिट्टी, पांढरी पँट, कवायत. तू शेत श्रीरामकडे, म्हणजे तुझ्या मुलाकडे सोपवलंस आणि बाजेवर पाय सोडून बसायला लागलास. दिवसभर तसाच. चाळीस वर्षं मोट हाकणारा, भाजीच्या वाफ्यात वाकून राहणारा माणूस एकदम बसला. त्याचं काय होईल हे कवायत शिकवणाऱ्या माणसाला तरी कळायला हवं होतं.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात अधिक महिना आला. धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा येणारा, आणि त्यात मामाने भाच्याला वाण द्यायचं. मामीने तेहतीस अनारसे तळले होते. मी पाटावर उभा राहिलो, तू ताट बाजूला ठेवलंस आणि वाकलास. अर्ध्यावर थांबलास.

मला वाटलं, काही पडलं म्हणून पाहतोयस. तुझे हात गुडघ्यांवर गेले. चेहरा लाल झाला. पुन्हा जोर लावलास. बोटं माझ्या पोटऱ्यांपर्यंतही पोचेनात.

"मांग शीर धरली," तू म्हणालास, आणि मांडीच्या मागे हात नेलास. "दोरीसारखी ताठ झाली पाह्य."

मामी पदराला हात पुसत आली. "त्याले ओट्यावर उभं करा ना. पाय वर येतीन."

"मंग पुढच्या धोंड्याले काय कौलावर चढवतं का भाच्याले?"

आम्ही तिघंही हसलो, पण शेवटी मला ओट्यावर उभं केलं. तू अंगणात उभा राहून, जवळजवळ ताठ मानेनेच माझ्या पायांना हात लावलास. अनारसे दिलेस. आणि मग बाजेवर बसून म्हणालास, "हे खरं नाई. म्या वाकलो नाई. तुलेच वर चढवलं."

तुझा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. एवढ्या मोठ्या माणसाला एवढ्याशा गोष्टीचं वाईट वाटतंय हे पाहून मला राहवलं नाही. म्हणालो, "मामा, तुझ्या शिरा आखडल्यात. माझं कामच ते आहे. उद्या सकाळी मोकळ्या करून देतो."

उद्या सकाळी. आठ दिवसांनी, महिन्यांनी नाही. उद्या सकाळी!

तू उठून तोंड धुतलंस, अंग अजून गार होतं, आणि मी तुला विहिरीजवळच्या, मोटेच्या बैलांच्या धावेवर नेलं, कारण तिथली जमीन सपाट नाही, उताराची आहे, आणि उतारावर वाकणं सोपं जातं असं मी शिकलो होतो. पाय जुळव. गुडघे ताठ. वाक. एक. झटका दे. दोन. आणखी खाली. शाळेतल्या पोरांना मी जसं करवून घेत होतो तसंच. तू माझं ऐकत होतास. माझं ऐकायची तुला हौस होती. "मास्तर, शिट्टी नाई आणली का?" असंही म्हणालास.

पोरांच्या बाबतीत मी एक करायचो. बोटं अंगठ्याला लागायला दोन इंच उरले की पाठीवर तळवा ठेवून खाली दाबायचो. पोरं ओरडायची, पण बोटं लागायची. तुझ्या पायाला मला हात लावायची परवानगी नव्हती. पाठीला होती.

मी दाबलं, मामा.

ओला दोर तुटताना होतो तसा आवाज आला. किंवा आला नसेल, मला तो नंतर ऐकू यायला लागला असेल. खाली बसलास आणि दोन्ही हातांनी उजवी मांडी धरलीस. तुझ्या कपाळावर घाम आला. मी तुला उचलून घरी आणलं तेव्हा मामी दारात होती.

"काय झालं?"

आणि मी म्हणालो, "धावेवरून पाय घसरला मामाचा."

का म्हणालो, हे मी तीन वर्षं स्वतःला विचारत होतो. मी मास्तर होतो. ज्या एका गोष्टीचं मला ज्ञान होतं, त्या गोष्टीत मी माझ्याच मामाचा पाय निकामी केला होता. त्या क्षणी मला तुझ्यापेक्षा माझी जास्त काळजी वाटली. हेच खरं उत्तर आहे.

तू माझ्याकडे पाहिलंस. मग मामीकडे. म्हणालास, "हाव. घसरला."

दुपारी मांडीच्या मागे गुडघ्यापर्यंत निळंकाळं झालं. मामीने आंबेहळदीचा लेप लावला. आणि मी, सुट्टी अजून पंधरा दिवस बाकी असताना, हेडमास्तरांनी बोलावलंय असं सांगून दुपारच्या एस.टी.ने निघून गेलो. ते दुसरं खोटं. तू बाजेवर पडूनच म्हणालास, "वाकता नाई येत आता. पुढच्या धोंड्याले पाह्यू." मी मेहकरपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून बसलो.

श्रीरामचं पत्र आलं की तू महिनाभर बाजेवर होतास, आता काठी घेऊन परसात जातोस. पत्राच्या शेवटी त्याने लिहिलं होतं, ‘बाबा विचारतात भाचेबुवा कधी येतात.’ पोस्टकार्ड मी दप्तरात ठेवलं आणि त्याच आठवड्यात मेहकरच्या दवाखान्यात गेलो. तिथे एक वयस्क डॉक्टर होते. त्यांना मी सगळं खरं सांगितलं. परक्याला खरं सांगणं किती सोपं असतं! त्यांनी डोक्याला हात लावला.

"अहो मास्तर, सत्तरीच्या माणसाची शीर आणि बारा वर्षांच्या पोराची शीर एक आहे का? झटका द्यायचा नाही. कधीच नाही. आधी चालवून अंग गरम करायचं. मग पाठीवर निजवायचं, एक गुडघा मोडून ठेवायचा, दुसरा पाय सरळ वर. ताण यावा, कळ येऊ नये. तिथेच थांबायचं. सावकाश तीस मोजायचे, श्वास कोंडायचा नाही. आणि हे रोज. एक दिवस जास्त आणि चार दिवस काही नाही, असं नको."

"किती दिवसांत वाकतील?"

"घाई करायची सवय तुमची जाते का बघा आधी."

दुखणं पुरतं निवल्याशिवाय ताण द्यायचा नाही, असंही त्यांनी बजावलं. म्हणून मी पोळ्याच्या सुमारास आलो. तू काठी सोडली होतीस, पण पाय जरा फरफटत होता. मी डॉक्टरांचं सांगितलं, फक्त ते मला कसं कळलं हे सांगितलं नाही. तू शांतपणे ऐकलंस आणि म्हणालास, "मंजे मोटेचं कातडं. कोरडी मोट विहिरीत सोडली अन् वढली तं फाटते. आधी भिजवा लागते. एवढं तं मलेबी ठाऊक होतं." आणि मग, माझ्याकडे न पाहता, "तवा सांगा लागत होतं म्या तुले."

हे वाक्य तू माझ्यावरचा भार कमी करायला बोललास की खरंच तुला तसं वाटलं, मी विचारलं नाही. तिथेच मला बोलायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात मामी चहा घेऊन आली.

तू शेताचा एक फेरा मारून आलास, घोंगडीवर पाठीवर निजलास, डावा गुडघा मोडलास. मी उजवा पाय धरून वर उचलायला वाकलो तर तू पाय ओढून घेतलास.

"पायाले हात लावू नको."

"मामा, उचलायला नको का कोणी?"

"पाप मले लागन. आधीच पाय एक हाय चांगला."

शेवटी खांद्यावरचा पंचा काढलास, त्याची मधली बाजू तळपायाला अडकवलीस, दोन्ही टोकं हातात धरलीस आणि स्वतःच पाय वर ओढलास. लगाम धरल्यासारखा. ही युक्ती तुझी. पुढे मी डॉक्टरांना ती सांगितली तेव्हा ते म्हणाले, हे तर फारच चांगलं, ज्याचा पाय तोच ओढतो, कुठे थांबायचं ते त्यालाच कळतं. म्हणजे ज्या रीतीवरून आपण जन्मभर भांडलो, तिनेच तुझा पाय माझ्या हातांपासून वाचवला.

तीस आकडे मोजायला मात्र तू तयार नव्हतास. "काय मोजू? भेंड्या?" मग तू तुझे बैल मोजायला लागलास. जन्मात दावणीला बांधलेल्या अकरा जोड्या, पहिल्यापासून. एका श्वासाला एक नाव. ढवळ्या. पवळ्या. तांब्या. मोऱ्या. सर्ज्या. प्रत्येकाच्या नावाला तुझा चेहरा बदलायचा. मारक्या राजाच्या नावाला पाय थोडा खाली यायचा.

"हे एकवीसच झाले," मी म्हणालो. "अकरा जोड्या म्हणजे बावीस."

"चांद्या धरत नाई म्या."

चांद्या मेहकरच्या बाजारातून आणलेला, आठव्या दिवशी चोरीला गेलेला. त्याने तुझ्या शेतात नांगराचं एक तासही ओढलं नाही, म्हणून तो तुझा नाही. मी म्हणायचो, दावणीला बांधला म्हणजे तुझाच. तू म्हणायचास, "आठ दिवसात कोणी कोणाचं होते का?" मी म्हणायचो, मी पहिल्याच दिवशी तुझा झालो होतो. त्यावर तू म्हणायचास, "तू बैल हायेस काय?" मामी आतून हसायची. पण चांद्या मोजला जायचा नाही. एकवीसवर पाय खाली.

मी दर महिन्याला येत राहिलो. शनिवारी दुपारची एस.टी., रविवारी परत. बायको म्हणायची, इतका जीव मामावर आधी नव्हता. तिला काय सांगणार? तू रोज करत होतास हे मला तुझ्या पायावरून दिसायचं. आधी पाय घोंगडीपासून हातभर उचलला जायचा. वर्षभरात अंगणातल्या शेवग्याकडे तळपाय दाखवायला लागलास. मी "आणखी" म्हणायचो नाही. तो शब्द मी टाकलाच. शाळेतही टाकला. पोरांच्या पाठीवरचा तळवाही काढला. तुला हे कधी सांगितलं नाही. त्यांना आता मी म्हणतो, ताण यावा, कळ येऊ नये, आणि ती एकमेकांकडे बघून हसतात.

पुढचा धोंडा आला. मामीने अनारसे तळले. मी पाटावर उभा राहिलो. म्हणालो, "मामा, गुडघे सैल ठेव. ताठ नको."

"चूप ऱ्हाय. मोजू दे."

तू ताट ठेवलंस. श्वास सोडलास. ढवळ्या म्हणत खाली निघालास. नेहमीपेक्षा भरभर, पण झटका नाही. पवळ्या, तांब्या. तुझं पांढरं डोकं माझ्या कमरेखाली गेलं. मोऱ्या, सर्ज्या. बोटं पोटरीशी आली, घोट्याशी आली. तुझे गार, जाड हात माझ्या पावलांवर पडले आणि तिथेच राहिले. मी वरून नावं ऐकत होतो. एकविसाव्याला तू उठशील असं वाटलं. तू उठला नाहीस. खालून हळूच आवाज आला, "चांद्या."

मग वर आलास, कपाळाला हात लावलास आणि म्हणालास, "झालं. आता खरं."

मी रडलो. मामीला वाटलं आनंदाने. तू माझ्या हातात ताट दिलंस आणि म्हणालास, "अनारसे खारट करशीन बे." त्या वेळी सांगायला हवं होतं. मामी होती, तू होतास, सगळ्यांचं मन निवलेलं होतं. मी अनारसे खाल्ले.

त्या हिवाळ्यात तू गेलास. सकाळी शेतात फेरा मारला, घोंगडीवर पडून दोन्ही पाय ओढले, ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी खाल्ली, बाजेवर आडवा झालास आणि उठला नाहीस. श्रीराम म्हणाला, इतकं सुखाचं जाणं त्याने पाहिलं नाही. मी पोचलो तेव्हा लोक तुझ्या पायांचं दर्शन घेत होते. मी लांब उभा राहिलो. एक म्हातारा म्हणाला, "भाच्यानं नको लावू हात, बाप्पा." मी मान हलवली. पण मामा, रीत हे निमित्त होतं. माझा हात त्या उजव्या पायाकडे जाण्याची माझी छाती नव्हती.

काल तेरवीची माणसं गेल्यावर मामी ओट्यावर एकटी बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगून टाकलं. मामी, मामाचा पाय घसरला नव्हता. मी वाकवताना त्याची पाठ दाबली. खोटं बोललो, आणि मामाने माझ्यासाठी खोटं धरून ठेवलं. तू हवं तर मला घराबाहेर काढ.

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती, मामा! तेरा दिवसांत पहिल्यांदा.

"घसरल्यानं मांडीच्या मांग डाग पडते का रे? लेप म्याच लावला ना? आंधळी हाय का म्या?"

"तुला माहीत होतं?"

"त्याच रोजी सांगतलं त्याईनं. तुही गाडी फाट्यावर पोचली नसन."

"मग मला काऊन नाही बोललीस?" मी नकळत आपल्या बोलीत आलो होतो.

"ते म्हणे, बोलू नको. पोरगं लाजून राह्यलं, लाजू दे थोडं. आधी वर्सातून दोनदा येत होता. आता पाह्य, दर महिन्याले येते. सांगतलं तं सुटला, अन् सुटला तं आला का?"

मामा! लबाडा! तीन वर्षं मी तुझ्या अंगणात मान खाली घालून येत होतो आणि तू घोंगडीवर पडून बैल मोजत होतास, मनात हसत होतास. माझ्या खोट्याचा तू दोर केलास आणि मला दर महिन्याला बांधून आणलंस. मी सुटलो असतो तर आलो असतो का? मामीने विचारलं तेव्हा मी "आलो असतो" म्हणालो. तुला खरं सांगतो. आलो नसतो. दिवाळीला आलो असतो, आणि एकदा उन्हाळ्यात. तुझे शेवटचे किती रविवार हुकले असते, ते मोजवत नाही.

मामी उठून आत गेली आणि तुझा पंचा घेऊन आली. धुतलेला, घडी केलेला. "हे तुहं. श्रीरामले काय करायचं?" मी तो उलगडला. दोन्ही टोकं धड आहेत. मधे, जिथे तळपाय बसायचा, तिथे वीतभर जागा विरून जाळीसारखी झाली आहे. आरपार दिसतं.

तिथे मी कपाळ टेकलं. पायाला हात लावला नाही, मामा. पंच्यालाच लावला. तरी पाप लागत असेल तर तुझं तू बघ, तू माझ्याशी कमी लबाडी केलेली नाहीस.

मंदाचा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. पुढच्या धोंड्याला मला त्याच्यासमोर वाकायचं आहे. मी सेहेचाळीस वर्षांचा ड्रिल मास्तर, आणि काल कुणी पाहत नाही असं बघून वाकून पाहिलं तर बोटं घोट्यावरच थांबली. म्हणून आज सकाळी तुझ्या शेताला एक फेरा मारला, तुझ्या घोंगडीवर निजलो, विरलेली जागा जपून थोडी बाजूला सरकवली आणि पंचा पायाला अडकवला. ताण आला. कळ आली नाही. मोजायला माझ्याकडे माझं काही नव्हतं, मास्तराकडे कुठले बैल? तुझेच घेतले. ढवळ्यापासून सुरुवात केली. मामी ओट्यावर लसूण सोलत ऐकत होती. मारक्या राजाला माझाही पाय थोडा खाली आला. एकवीस झाल्यावर मी थांबलो, तर ती मान वर न करता म्हणाली, "अजून एक हाय."

पाय वरच ठेवला आणि चांद्याचं नाव घेतलं.